पाणाड्याचा स्वेटर

चूक प्रस्तुत लेखकाची होती, हे आधीच कबूल केलेलं बरं. नाहीतर चोपणवाडीतलं कुणीतरी मागाहून सांगणारच, आणि चार गोष्टी पदरच्या घालून सांगणार.

साल त्र्याहत्तर लागलेलं होतं, पाऊस नसलेलं आणखी एक वर्ष मागे टाकून. प्रस्तुत लेखक तेव्हा चोपणवाडीच्या विविध कार्यकारी सोसायटीत कारकून होता. अंबाजोगाईहून मॅट्रिक होऊन आलेला, खिशाला पेन लावलेला, आणि कागदावर कुठे मोकळा रकाना दिसला की हात शिवशिवणारा. अशात जिल्ह्याच्या कचेरीतून एक फॉर्म आला. सोसायटीचा एक प्रतिनिधी अभ्यास दौऱ्याला पाठवायचा होता, जाण्यायेण्याचा खर्च कचेरीचा.

अभ्यास दौरा म्हणजे पश्चिमेकडचा साखर कारखाना, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या गावचे चेअरमन मागच्या साली जाऊन आले होते. कारखान्याबद्दल त्यांना काही विचारलं तर आठवत नसे, पण तिथल्या जिलबीचं वर्णन ते अजून करत होते. म्हणून आमचे चेअरमन विठ्ठलराव यांनी फॉर्म न वाचताच नवा कोट शिवायला टाकला.

कारकुनाने फॉर्म भरला. ‘संस्थेचे चालू काम’ या रकान्यात त्याने लिहिलं, सामुदायिक विहीर, खोदकाम अठ्ठेचाळीस फूट. खाली ‘प्रतिनिधीचे नाव व अनुभव’ असा रकाना होता. चेअरमन तर जाणारच, खाली सहीत त्यांचं नाव येतंच, मग ते दोनदा कशाला, असा कारकुनाचा विचार. त्यापेक्षा विहिरीची जागा ज्याने दाखवली त्याचं नाव घातलं तर कामाला वजन येईल. त्याने वळणदार अक्षरात लिहिलं, ‘श्री. आसाराम, पाणाडे, खोदकामाचा अनुभव तीस वर्षे.’ विठ्ठलरावांनी कोटाचं माप देता देता सही केली.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. आपल्या संस्थेचं काम खोदकामाचं असल्यामुळे आपले प्रतिनिधी श्री. आसाराम यांची खैरीपहाड येथील खाण कामगारांच्या सहकारी संस्थेला भेट देण्यासाठी निवड झाली आहे. सोबत रेल्वेचा पास.

विठ्ठलराव दोन दिवस सोसायटीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते दारातच उभे राहिले.

“काय बे मॅट्रिक, सही माझी आन् जिलबी आसारामाला?”

“जिलबी न्हाई अण्णा, खाण हाय. नागपूरच्याबी पलीकडं. डोंगरात.”

विठ्ठलरावांनी थोडा विचार केला. “मंग जाऊ दे त्याला,” ते म्हणाले आणि कोट अंगातच ठेवून आत येऊन बसले.

आता आसारामबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट त्याची आहे.

आसारामचं वय पन्नाशीच्या अलीकडे की पलीकडे हे त्यालाही नक्की माहीत नव्हतं. अंगाने काटकुळा, बोलायला कमी, कोरडवाहू चार एकरांचा धनी. पाणी बघण्याची विद्या त्याला मामाकडून मिळाली होती. उंबराची दुबेळकी फांदी दोन्ही मुठीत धरून तो शेतातून अनवाणी फिरायचा. फांदी खाली वाकली की तिथेच टाच रोवायचा, माती उकरून खूण करायचा आणि एक नारळ घेऊन घरी जायचा. धोतर-फेटा नंतर, पाणी लागल्यावर. पाणी नाही लागलं तर काही नाही. हा सगळ्याच पाणाड्यांचा रिवाज. पण आसारामने त्यात स्वतःची एक भर घातली होती. जी विहीर कोरडी लागली, तिच्या वाटेने तो पुन्हा जात नसे.

कुणी तसं सांगितलं नव्हतं, शपथही घातली नव्हती. त्याला ते पाणी नसलेलं भगदाड बघवायचंच नाही. गंमत अशी की आसाराम काही वाईट पाणाड्या नव्हता, दहातल्या सहा विहिरींना पाणी लागायचंच. पण उरलेल्या नेमक्या रस्त्यातच असायच्या. चोपणवाडीहून घाटनांदूरचा बाजार सरळ वाटेने दीड कोस. आसारामला तो साडेतीन कोस पडायचा, कारण एक कोरडी विहीर ओढ्याच्या वळणावर होती, एक आमराईला लागून आणि एक थेट रेल्वे फाटकाशी. मीठ-मिरची आणायला गेलेला माणूस दिवे लागायला परत यायचा.

त्याची बायको छबुबाई याच्यावर रडत नसे. ती म्हणायची, “आजून दोन इहिरी कोरड्या लागल्या, की बाजाराला मुक्कामाच्या तयारीनं जावं लागंल.”

आणि आता ही सोसायटीची विहीर. दुष्काळी कामातून काढलेली, चाळीस बायाबाप्ये तिच्यावर लागलेले, छबुबाईही त्यांत पाटी उचलायला. जागा आसारामने दाखवलेली. वीस फुटांवर मुरूम संपला, पंचविसावर काळा पाषाण लागला, आणि अठ्ठेचाळीस फूट झाले तरी तळाला धूळ उडत होती. विठ्ठलरावांनी ठराव करून टाकला की महाशिवरात्रीपर्यंत पाणी लागलं नाही तर काम बंद, आणि नवी विहीर त्यांच्या मळ्याच्या बांधाला. ती जागा त्यांनी कुठल्याही फांदीला न विचारता ठरवली होती.

बाकीच्यांना ही फक्त एक विहीर होती. आसारामला तसं नव्हतं. त्याचं घर गावाबाहेर वस्तीवर, आणि वस्तीवरून गावात यायला एकच वाट. ती या विहिरीला खेटून जाई. ही कोरडी लागली असती, तर त्याला बाजाराला लांबून जाता आलं असतं, पण गावात यायला रस्ताच उरला नसता. त्याने हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाला, त्रिंबकला, त्याने एकदा सहज विचारलं होतं, की पुढच्या साली एक कोयता, म्हणजे एक जोडपं, कमी असला तर बघ. गाव सोडायचा विचार माणूस असाच सहज विचारून बघतो.

छबुबाईला त्याची कुणकुण लागलीच. दौऱ्याला जायच्या आदल्या दिवशी तिने भाकरी बांधून देता देता विहिरीवरची भांडणं सांगायला घेतली. तिथं उगवतीच्या अंगाला, पाच-सात पुरुष, म्हणजे तीस-पस्तीस फूट खोलीवर, कडेला एक कपार होती. बाया आपापली भाकरीची गाठोडी तिथेच ठेवायच्या, आणि जागा पुरत नाही म्हणून रोज तंटा.

“कावून? एवढी मोठी इहीर हाय, कुठंबी ठेवा की,” आसाराम म्हणाला.

“कुठंबी ठिवली तर दुपारपातूर पापड हुती. तिथं ठिवली की मऊ राहती,” छबुबाई म्हणाली. “ताराबाईनं तर कपारीला फडकं लावून जागा धरली हाय.”

आसारामने ऐकलं आणि सोडून दिलं. बायकांच्या भाकरीत त्याचं लक्ष नव्हतं.

तीन गाड्या बदलून आणि दोन रात्री बाकावर काढून तो खैरीपहाडला उतरला तेव्हा सकाळ होती, आणि त्याच्या अंगात एक सदरा आणि उपरणं एवढंच होतं. आमच्याकडे थंडी येते ती पाहुण्यासारखी येते आणि जाते. इथे ती घरमालकीण होती. दात वाजायला लागले तेव्हा आसारामला आधी वाटलं की गाडीचा हादरा अजून अंगात आहे.

खैरीपहाड म्हणजे सातपुड्यातलं एक छोटं गाव, साहेबाने आपल्यासाठी वसवलेलं. खालच्या डोंगरात मँगनीज सापडलं, म्हणून वर बंगले बांधले. उतरती लाल छपरं, प्रत्येक छपरावर धुराडं, दारापुढे गुलाबांचे वाफे, ज्यांत आता कांदे लावलेले. एक चर्च, त्याची घंटा कुणी तरी केव्हाच उतरवून नेलेली. एक घड्याळाचा मनोरा, ज्यात सव्वाचार वाजलेले, ते आसाराम तिथे होता तोवर सव्वाचारच राहिले. साहेब गेला, पाठोपाठ कंपनी गेली, आणि कामगारांनी सोसायटी करून जेवढी खाण चालवता येईल तेवढी चालवायला घेतली. सोसायटीची कचेरी साहेबांच्या क्लबात होती. हिरव्या मखमलीच्या एका भल्या मोठ्या टेबलावर सगळी दप्तरं मांडलेली, आणि त्यांच्या मधोमध एक मांजर झोपलेलं. त्या टेबलावर साहेब चेंडू ढकलायचे म्हणे. एवढी मोठी माणसं एवढ्या मोठ्या टेबलावर चेंडू ढकलायची, याचं आसारामला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

तिथल्या सेक्रेटरीने पत्र वाचलं. अनुभव तीस वर्षे हे वाचून त्याने आसारामला खुर्ची दिली आणि आदराने विचारलं की सध्या किती खोलीवर काम चालू आहे.

“अठ्ठेचाळीस फूट,” आसाराम म्हणाला.

“आमचं चारशेवर आहे,” सेक्रेटरी म्हणाला.

यानंतर अभ्यासाबद्दल दोघांनाही फारसं विचारण्यासारखं उरलं नाही. सेक्रेटरीने त्याला डोमाजी पंपवाल्याच्या हवाली केलं आणि गाव दाखवून आण म्हणाला.

डोमाजी भंडाऱ्याकडचा, साठीला टेकलेला, गोल तोंडाचा माणूस. त्याचा बाप याच खाणीत होता आणि आजा साहेबाच्या घोड्यामागे. त्याने आसारामला आधी साहेबांची दफनभूमी दाखवली, कारण पाहुण्यांना तीच आवडते असा त्याचा अनुभव. दगडांवरची वयं त्याने वाचून दाखवली. सव्वीस, एकतीस, तेवीस. मलेरियाने गेलेले सगळे. आसारामने उपरणं डोक्यावरून घेतलं आणि म्हणाला की घरापासून लई लांब झोपलेत. डोमाजीने मान डोलावली. मग ते खाणीकडे उतरले.

उतरताना आसारामला आवाज ऐकू आला. ओढ्याला पूर आल्यावर येतो तसा. तो थांबला. असा आवाज त्याने दोन-तीन वर्षांत ऐकला नव्हता, म्हणून कानात काही भरलं असावं असं वाटून त्याने कान झाडला. वळण घेतलं तर समोर पंपाची टपरी, आणि टपरीतून निघालेल्या मांडीएवढ्या जाड नळीतून पाणी धबाधबा खालच्या नाल्यात पडत होतं. नाला वाहत दरीत जात होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. घागर नव्हती, रांग नव्हती, भांडण नव्हतं.

आसाराम बराच वेळ नुसता उभा राहिला.

“काऊन बाप्पा,” डोमाजीने विचारलं, “पाणी पाह्यलं नाही का कधी?”

“पाह्यलं हाय,” आसाराम म्हणाला. “फेकताना न्हाई पाह्यलं.”

डोमाजी हसणार होता, पण पाहुण्याचं तोंड बघून थांबला. त्याने समजावून सांगितलं. खाण खोदली की तिच्यात पाणी भरतं. पंप एक दिवस बंद ठेवला तर खालची गल्ली बुडते, म्हणून रात्रंदिवस उपसायचं. तेवीस वर्षं तो हेच करत होता. लग्नकार्याला गेला तर सकाळी जाऊन सांजेला परत, कुठे मुक्काम म्हणून नाही. पाण्याने त्याला खुंटाला बांधून ठेवलं होतं. एखादा म्हैस ओढाळ आहे म्हणून सांगतो, तसं तो पाण्याबद्दल सांगत होता.

आसारामने पुढे होऊन नळीखाली ओंजळ धरली. पाण्याला गंजाची चव होती. तरी तो दोन ओंजळी प्याला. तोंडावरून ओला हात फिरवला, आणि थंडीने असा कुडकुडायला लागला की डोमाजीने त्याला धरून आपल्या क्वार्टरवर नेलं.

डोमाजीची बायको सगुणाबाई दारात विणत बसली होती. लहानपणी ती एका मडमेकडे कामाला होती, तिथे शिकलेली ही एक गोष्ट मडम गेल्यावरही तिच्याकडे राहिली होती. पाहुण्याची अवस्था बघून तिने आत जाऊन एक तपकिरी स्वेटर आणला. डोमाजीसाठी विणलेला, पुरा व्हायला दोन हिवाळे लागलेला, एकदाच घातलेला. तो आसारामच्या डोक्यातून खाली ओढताना ती म्हणाली, “घाला भाऊ. जाताना ठेसनावरच्या चायवाल्यापाशी देऊन ठेवजा, तो आणून देते.”

डोमाजी आडवा-तिडवा रुंद, आसाराम काटकुळा. स्वेटर त्याच्या गुडघ्यापर्यंत आला. गरम भात आणि वरण पोटात गेल्यावर त्याच्या दातांचा आवाज थांबला.

दुपारी डोमाजीने त्याला खाणीत नेलं. खोल नाही, डोंगराच्या कुशीत सरळ आत जाणाऱ्या जुन्या बोगद्यात. साहेबाच्या वेळचा तो पहिला बोगदा, आता कुणी तिथे खोदत नव्हतं. हातात कंदील. दोन्ही भिंती काळ्या, चकाकणाऱ्या, आणि पायाखाली चिखल. आत गेल्यावर आसारामला दिसलं की भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर ओळीने भोकं आहेत, मनगटाएवढी, आडवी. प्रत्येकातून बारीक धार लागलेली.

ही कुणी पाडली, असं त्याने विचारलं. डोमाजीने सांगितलं की साहेबाने. पुढे खोदायच्या आधी बाजूला लांब भोकं पाडून दगडातलं पाणी काढून घ्यायचे, मगच माणसं आत सोडायचे. नाहीतर एखाद दिवशी भिंत फुटून सगळे पोहत बाहेर यायचे, किंवा यायचेच नाहीत.

“आन् पाणी तिथंच हाय हे कसं कळायचं?”

“पाणी खाली असते असं तुमाले वाटते,” डोमाजी म्हणाला. “दगडात ते खाली नाही जात. दगडात घुसाले त्याले जागा भेटत नाही. दोन दगडांच्या मंधात जो पोचट थर असते ना, त्याच्यातून आडवं जाते.”

आसारामने कंदील खाली ठेवला. तीस वर्षांत जे त्याने मामाच्या फोटोपुढेही कबूल केलं नव्हतं, ते त्याने एका अनोळखी माणसापुढे, त्याच्याच स्वेटरात उभं राहून सांगून टाकलं.

“खरं सांगू का डोमाजी, आमची फांदी चाळीस फुटांपासून गप हाय. रोज सकाळी कुणी यायच्या आत इहिरीत उतरतो, धरून बघतो. वाकत न्हाई. आन् वर येऊन लोकांना म्हणतो, खणा.”

डोमाजीने त्याच्याकडे बघितलं. मग फांदीबिंदीबद्दल एक शब्द न बोलता त्याने आसारामचा हात धरून भिंतीशी नेलं. त्याचा बाप भिंतीला गाल लावायचा म्हणाला. हाताची कातडी कामाने जाड होते, तिला काही कळत नाही. गालाची होत नाही. जिथे थंड लागेल, तिथे भोक.

आसारामने गाल लावला. दगड नुसता थंड. दोन हात पुढे सरकून पुन्हा लावला. तिथली थंडी वेगळी होती, ओलसर, कातडीला चिकटणारी. वर धार दिसत नव्हती, थेंब दिसत नव्हता. सकाळी पाट्यावर पिळून ठेवलेल्या फडक्याला हात लावावा, तशी.

फडकं मनात आलं तशी त्याला ताराबाईची कपार आठवली, आणि दुपारपर्यंत मऊ राहणारी भाकरी आठवली.

तो एकदम सरळ झाला आणि त्याचं डोकं वरच्या दगडाला लागलं.

“काय झालं?” डोमाजीने विचारलं.

“माझी बायको,” आसाराम डोकं चोळत म्हणाला, “निघायच्या आदल्या दिशीच मला पाण्याची जागा सांगून बसली.”

दौरा चार दिवसांचा होता. आसाराम दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला निघाला. डोमाजी वळणापर्यंत पोचवायला आला, त्याच्या पुढे पंप त्याला येऊ देत नव्हता. पाणी लागलं तर कळवा म्हणाला. आसारामने चायवाल्याकडे चहा घेतला, गाडीत चढला, खिडकीशी बसला, आणि मनातल्या मनात विहिरीच्या उगवतीच्या अंगाला बारा फुटांची पहार मारत राहिला. गाडी दोन डोंगर उतरून सपाटीला लागली आणि घाम फुटला, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की स्वेटर अंगातच आहे.

चोपणवाडीत उतरून तो घरी गेलाच नाही. विहिरीवर आला, स्वेटरासकट. दुपारच्या सुट्टीत बाया कपारीशी भाकरी सोडून बसल्या होत्या. आसाराम दोराने खाली उतरला, ताराबाईचं फडकं बाजूला केलं आणि चाळीस माणसांच्या देखत दगडाला गाल लावून डोळे मिटून उभा राहिला. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. ताराबाईने छबुबाईला विचारलं की डोंगरात ह्यांना काही झालं का. छबुबाईने वर बघून घेतलं, की अजून कोण कोण बघतंय.

त्याने जागा सोडली नाही. कपारीच्या आत दोन काळ्या दगडांच्या मध्ये वीतभर जाडीचा लालसर, गेरूसारखा थर होता. नखाने उकरला तर नखाखाली गोळा झाला. धूळ झाली नाही.

विठ्ठलराव छत्री घेऊन काठावर आलेच. महाशिवरात्रीला आता तेरा दिवस उरले होते. आसारामने वर येऊन सांगितलं की खाली खणणं थांबवा, मला आडवं जाऊ द्या, तीन दिवस.

“इहीर खाली जाती, आसाराम,” विठ्ठलराव म्हणाले. “आडवी काढून काय सासऱ्याच्या घरात निघायचंय का?”

लोक हसले. आसारामही थोडा हसला. मग म्हणाला, “अण्णा, तीन दिसांत न्हाई निघालं तर तुमच्या बांधाला पैली कुदळ मीच मारतो. फांदी न लावता.”

पाणाड्याने फांदी न लावता कुदळ मारायची म्हणजे त्याने धंदा खाली ठेवल्यासारखं. विठ्ठलरावांनाही ते कळलं. त्यांनी छत्री मिटली आणि तीन दिवस दिले.

घाटनांदूरच्या लोहाराने दोन पहारी जोडून एक बारा फुटांची करून दिली. कपारीपुढे फळ्यांचं मचाण बांधलं. एकाने पहार धरायची आणि फिरवायची, दुसऱ्याने घण मारायचा. पहिल्या दिवशी पहार चार फूट गेली. दुसऱ्या दिवशी सात, आणि बाहेर येणारी माती ओलसर झाली, पण ओलसरच. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साडेदहा फूट. आसाराम मचाणावरून जेवायलाही उतरला नाही. ज्यांनी घण मारला त्यांनी पुढे सांगितलं की तो प्रत्येक घावानंतर पहारीच्या बुडाला गाल लावायचा. आणि त्या उन्हातही स्वेटर काढत नव्हता. ते डोमाजीवरच्या विश्वासाने की नुसतं ध्यानात नव्हतं म्हणून, हे त्याला स्वतःलाच सांगता आलं नाही.

चार वाजायच्या सुमाराला पहार एकदम सैल झाली आणि हातभर आपोआप आत गेली. आसारामने ती बाहेर ओढायला सांगितली. ओढताना तिच्यामागून लाल चिखल आला, घोटभर. मग काहीच नाही. वरच्या माणसांनी श्वास सोडला. मग भोकातून गुरगुर झाली, आणि बोटाएवढी लाल धार मचाणावर पडली. बघता बघता ती मनगटाएवढी झाली आणि तिचा लालपणा फिका होत गेला.

कुणी ओरडलं नाही, हे नवल. दुष्काळात पाणी बघितल्यावर आधी माणसं गप्पच होतात. विठ्ठलराव काठावर खाली बसले, नव्या कोटासकट, मातीत. आसारामने बाजूला होऊन छबुबाईला हात केला. रिवाज असा की पहिली ओंजळ पाणाड्याची. पण तो नुसता उभा राहिला, आणि छबुबाईनेच पुढे होऊन ओंजळ धरली, प्याली, उरलेलं पाणी डोळ्यांना लावलं.

मग तिने चिखलाने भरलेल्या कपारीकडे बघितलं.

“आता आमी भाकरी कुठं ठिवायच्या?” ती म्हणाली.

तेव्हा मात्र सगळी विहीर हसली.

पुढचं सगळं सुखाचं आहे, म्हणून थोडक्यात. विठ्ठलरावांनी बैठकीत सांगितलं की आसारामला खाणीवर पाठवायची दूरदृष्टी त्यांची. फॉर्मवर सही त्यांची होती, त्यामुळे कारकुनाला ते नाकारता आलं नाही, आणि नोकरी टिकल्यामुळे नाकारावंसंही वाटलं नाही. आसाराम धोतर-फेटा बांधून विहिरीच्या कडेने, अगदी काठाला घासून, गावात आला. त्रिंबक मुकादमाने कोयत्याबद्दल विचारलं तर त्याला आठवलंच नाही.

मग त्याने एकेक जुनी विहीर धरली. ओढ्याच्या वळणावरच्या विहिरीत इतक्या वर्षांनी तो उतरला, गाल लावत सगळी भिंत फिरला. तिथे आडवं पाणी निघालं. आमराईजवळच्या विहिरीतही निघालं, जेमतेम. रेल्वे फाटकाची मात्र हट्टाने कोरडीच राहिली. तरी आता तो तिच्या काठाने जातो, आत डोकावतो, आणि बाजार त्याला दीड कोसच पडतो. दुपारी घरी आलेला नवरा बघून छबुबाईला पहिले काही आठवडे वाटायचं की मीठ विसरून आला.

पाली, तलवाडा, कुठकुठून बोलावणी येऊ लागली. आसारामने प्रत्येकाला सांगून बघितलं की त्यात जादू काही नाही. गाल लावा, पोचट थर बघा, आणि मुख्य म्हणजे बायांना विचारा की भाकरी कुठे मऊ राहते. पण लोकांना ते साधं वाटलं. त्यांनी आपलं ठरवून टाकलं की पाणी त्या तपकिरी स्वेटरात आहे. डोंगरातून आणलाय, खाणीतला आहे, साहेबाचा आहे, असं ज्याला जे सुचेल ते. स्वेटर न घालता गेला तर यजमानाचं तोंड पडायचं. तलवाड्याच्या एका शेतकऱ्याने तर स्वेटर आणायला माणूस माघारी पाठवला होता, भर चैत्रात.

पाणी लागल्याचं पत्र त्याने पहिल्याच आठवड्यात डोमाजीला पाठवलं. लिहिलं कारकुनाने. शेवटी, स्वेटर धुऊन ठेवला आहे, तिकडे कुणी निघालं की त्याच्या हाती पाठवतो, असं घातलं. डोमाजीचं उत्तर दिवाळीच्या सुमाराला आलं. पाणी लागलं हे वाचून त्याने पंपाकडे बघून हात जोडले होते. खाली एक ओळ सगुणाबाईची, भाऊ, थंडी पुन्हा येऊन राहिली.

छबुबाईने मधल्या काळात अंबाजोगाईहून लोकर आणून तसाच दुसरा विणून पाठवायचा घाट घातला. दीड बाही झाली. ती दीड बाही आता गरम भांडं उचलायला चुलीपाशी असते.

या दिवाळीलाही आसाराम कारकुनाकडे कार्ड घेऊन आला. कोपराला उसवलेला तपकिरी स्वेटर अंगात होता, कारण इथून तो परस्पर पालीला जाणार होता. काय लिहू, असं कारकुनाने विचारलं. उसवलेल्या कोपरावर हात ठेवत आसाराम म्हणाला, “लिव्ह, धुऊन ठिवलाय. एवढी पालीची इहीर झाली की पाठवतो.”

कारकुनाने मागच्या साली लिहिलं होतं तेच लिहिलं, फक्त तलवाड्याच्या जागी पाली.